शामसुंदरची हजेरी

१९ मे १९८५, रविवार
नेहरू नगर, भिलाई

आलो एकदाचा. यायचं होतं काल. पण काल दिवसभर सेक्टर पाचमध्ये शीलाच्या क्वार्टरसमोरच्या पानठेल्यावर उभा होतो. ती एकदाच बाहेर आली, दोरीवरचे कपडे काढायला. मला पाहिलं आणि काढलेला टॉवेल पुन्हा वाळत घातला. म्हणजे थोडा वेळ जास्त थांबली. एवढ्यासाठी शाळेत एक दिवस उशिरा पोचलो तर काय बिघडलं.

आज सकाळी घरून, नंदिनीच्या खाणीपासून बसमध्ये चढलो तर ट्रंकेवरून कंडक्टरशी जुंपली. तो म्हणे टपावर टाक, मी म्हणे पायाशी ठेवतो. शेवटी जामुलला मीच उतरलो आणि सिमेंटच्या ट्रकवर बसून आलो. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. इथली स्वयंपाकवाली गिरजाबाई फाटक उघडायला आली, आधी पोटभर हसली आणि मग बादली दाखवली.

बंगला मस्त आहे. नेहरू नगरच्या शेवटच्या रांगेत, मागे नुसती मुरमाची ओसाड भाठा जमीन आणि बाजूला हायवे. खाली वर्गाची खोली, तिथं खसचा कूलर. वर पोरांच्या खोल्या. माझ्या खोलीत अरुणकुमार नावाचा एका ऑफिसरचा मुलगा आहे. स्वतःचा चमचा घरून घेऊन आला आहे. आणखी चार-पाच जण रायपूर, राजनांदगावचे. एक मुलगी आहे, कमला, ती रोज घरून ये-जा करते. आणि कमलाचं घर कुठं? सेक्टर पाच. शीलापासून तिसरं क्वार्टर. देव आहे म्हणायचा.

शाळा चालवतात गालिना मॅडम. स्टील प्लांट उभा होत होता तेव्हा रशियाहून आलेल्या एका इंजिनियरच्या बायको. नवरा इथंच वारला, त्या परत गेल्याच नाहीत. साठीच्या आसपास असतील. सुती साडी, केसांत पेन्सिल खोचलेली, हिंदी आपल्यासारखीच बोलतात. महिनाभर रशियन शिकवणार आणि त्यातून दोघांना जुलैत मॉस्कोला विद्यापीठाच्या उन्हाळी शाळेत पाठवणार. तिथून आलो की दुभाष्याची नोकरी कुठं जात नाही. मग शीलाच्या बाबांनी, मारोतरावांनी, तोंड वाकडं करून दाखवावं. "अर्धं कॉलेज सोडलेल्या पोट्ट्याले पोरगी देऊ का मी?" असं ते चारचौघांत म्हणाले होते. कॉलेज मी का सोडलं ते शीलाला माहीत आहे. तिची चिठ्ठी वर्गात वाचून दाखवणाऱ्याचं नाक फोडलं. प्रिन्सिपॉल म्हणाले माफी माग. मी म्हणालो, कॉलेजच ठेवा तुमच्याजवळ.

आईने सांडगे दिले आहेत. बाबा सायकल पुसत बसले, वर पाहिलं नाही. मीही त्यांच्या पाया न पडता निघालो.

२० मे

पहिला वर्ग. मॅडमचा नियम ऐकून हसू आलं. फाटकाच्या आत भिलाई नाही, मॉस्को. घड्याळं दीड तास मागे करायला लावली. प्रत्येकाला तिथला एक पत्ता दिला आहे, कोणती गल्ली, कितवा मजला, सगळं. रोज सकाळी प्रत्येकाने उठून सांगायचं की आज मी घरून निघालो, अमुक वळणावर वळलो, भुयारी रेल्वेत बसलो आणि विद्यापीठात पोचलो. त्या म्हणतात, भाषा शिकायची तर आधी शहरात राहायला जावं लागतं. अरुणकुमारने काल पाठ केलेला रस्ता पोपटासारखा म्हटला. मी उशिरा आलो म्हणून मला पत्ताच नाही. मॅडम म्हणाल्या, बघू, रिकामं होईल एखादं.

हजेरी त्या तोंडपाठ घेतात. नाव घेतलं की "झ्देस" म्हणायचं, म्हणजे इथं आहे. सगळ्यांची झाली, माझीही झाली, मग शेवटी त्या म्हणाल्या, शामसुंदर.

कोणी बोललं नाही. शेवटच्या रांगेत कोपऱ्यात एक खुर्ची रिकामी आहे. मॅडम थांबल्या. पुन्हा नाव घेत नाहीत, पुढे जात नाहीत, नुसत्या थांबतात, हात मांडीवर ठेवून, दाराकडे बघत. कूलर घरघर करून राहिला होता. सगळे खाली मान घालून बसलेले. किती तरी वेळाने त्यांनी उसासा टाकला आणि धडा सुरू केला.

अरुणकुमारला विचारलं, कोण हा शामसुंदर. तो म्हणाला, असेल कोणी. आणि चमचा पुसत बसला.

धडा पहिला. नमस्कार. मी विद्यार्थी आहे. आपण कुठे जाता? मी विद्यापीठात जातो. हे दार आहे. हे घर आहे. आजी चहा पिते.

२२ मे

आज पुन्हा तेच. शामसुंदर. आणि ती शांतता. बाहेर भाजणारी लू सुटलेली, आत सगळे असे बसलेले जणू मयताला आलेत. मला असलं सहन होत नाही. आमच्या कॉलेजात कोणाचं नाव रिकामं जाऊ देणं म्हणजे बेइमानी. हजर नसलेल्या पोट्ट्याची हजेरी बाजूचा लावतोच, ओळख असो नसो. मी आवाज थोडा घोगरा केला आणि म्हटलं, झ्देस.

वाटलं, हशा पिकेल. कोणी हसलं नाही. कमलाने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. अरुणकुमारचे कान लाल झाले. चहा घेऊन आलेली गिरजाबाई दारातच उभी राहिली, ट्रे तसाच परत घेऊन गेली.

मॅडम मात्र खूश. रागावल्या नाहीत, उलट उठून माझ्याजवळ आल्या, दोन्ही हातांनी माझा हात धरला. हात थंडगार होते त्यांचे, या उन्हाळ्यात. म्हणाल्या, बरं झालं आलास. आणि मला पत्ता दिला. नदीजवळची गल्ली, पिवळी इमारत, चौथा मजला.

चला, पत्ता मिळाला. वर्गानंतर मी सगळ्यांना विचारलं, एवढे तोंड पाडून का बसले बे. जो तो आपापल्या वाटेने निघून गेला. ऑफिसर लोकांची पोरं, यांना मस्करी कळत नाही.

२६ मे

माझी प्रगती बघून मॅडम चकित आहेत. खरं सांगायचं तर मीही. रस्ता पाठ करावाच लागला नाही. डोळे मिटले की दिसतो. आज सांगत होतो, जिन्याचा कठडा हिरवा आहे, दुसऱ्या मजल्यावर त्याचा रंग उडाला आहे, आणि खालच्या दुकानाच्या काचेत एकच पाव ठेवलेला असतो. मॅडमनी हे कधी सांगितलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, बरोबर, एकच. दुकानाच्या आत काय आहे ते सांगायला गेलो, तर आत काहीच दिसेना. मॅडम हळूच म्हणाल्या, आत मी कधी गेले नाही.

दोघांत माझा नंबर पक्का, असं रायपूरचा एक पोरगा जळून म्हणाला.

थंडी मात्र वाजून राहिली आहे. अरुणकुमार चादरीवर पाणी शिंपडून झोपतो आणि मी घोंगडी मागितली. गिरजाबाईने आणून दिली, पण माझ्या हातात न देता खाटेवर ठेवली. मले काही आजार झाला का, विचारलं. ती म्हणाली, बाबू, घरी जा तू. आजच्या आज जा. का म्हटलं तर पदर तोंडाला लावून निघून गेली.

कसा जाऊ? कमलाजवळ शीलाला निरोप पाठवला आहे, की मॉस्को पक्कं.

३० मे

शीलाचा निरोप आला. तिचं साक्षगंध ठरलं. मुलगा नागपूरचा बँकवाला. सोळा जूनला, रविवारी, घरीच. कमला सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. शीला म्हणे दोन दिवस जेवली नाही. आणि म्हणाली आहे, त्याला म्हणावं, काही करायचं असेल तर त्याआधी कर, आणि भांडायला येऊ नको, नीट बोलायला ये.

डोकं फिरलं. मॉस्को गेलं खड्ड्यात. आत्ताच निघून मारोतरावांच्या दारात उभं राहायचं ठरवलं. तेवढ्यात वर्गाची घंटा झाली, म्हटलं मॅडमना सांगून जाऊ.

हजेरी सुरू होती. मॅडमनी माझं नाव घेतलं. शालिकराम.

मी तोंड उघडायच्या आधी मागून आवाज आला. झ्देस.

वळून पाहिलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक जण बसला होता. माझ्याच वयाचा. मे महिन्यात गळ्यापर्यंत बंद केलेला जाड कोट, केस ओले. चेहरा साधा, चांगला म्हणावा असा. माझ्याकडे बघून त्याने मान लववली, ओळखीचं माणूस रस्त्यात दिसल्यावर लववतात तशी. मी ओरडलो की हा कोण. कोणी वर पाहिलं नाही. मॅडम म्हणाल्या, शामसुंदर, शांत बैस.

मला म्हणाल्या.

२ जून

फाटकाबाहेर गेलो होतो. लिहून ठेवतो, नाही तर उद्या मलाच खोटं वाटेल.

सकाळी ट्रंक तिथंच सोडली आणि निघालो. फाटकातून बाहेर पाय टाकला आणि हायवे नव्हता. म्हणजे रस्ता होता, रुंद, पण ट्रक नाही, धूळ नाही, प्लांटचा धूर नाही. ऊन पांढरं, थंड. दोन्ही बाजूंना पिवळ्या इमारती. पाट्या त्या भाषेतल्या, आणि मी त्या वाचून राहिलो होतो.

माणसं आहेत. सगळ्यांना कोट आहेत. चेहरे आहेत की नाही हे सांगता येत नाही, बघायला गेलं की नजर सरकते. एकाला हात जोडून विचारलं, भाऊ, हे कोणतं ठिकाण. तो म्हणाला, नमस्कार, आपण कुठे जाता. दुसऱ्याला विचारलं. नमस्कार, आपण कुठे जाता. एका दुकानाचं दार ढकललं. उघडलं नाही. दार भिंतीवर नुसतं रंगाने काढल्यासारखं.

पळत सुटलो. कुठेही वळलो तरी नदीजवळची गल्ली. शेवटी चौथ्या मजल्यावर चढलो, दार उघडलं आणि बंगल्याच्या स्वयंपाकघरात होतो. गिरजाबाई तांदूळ निवडत होती. मला बघून रडायला लागली.

आज पहिल्यांदा बोलली. "सगळ्याइले मी शनिवारीच सांगतलं होतं, शामसुंदरचं नाव निंगलं का चुप बसाचं. तू आला इतवारी. मले वाटलं, कोनीतरी तुले सांगतलंच असन." शामसुंदर दुर्गजवळच्या रसमड्याचा. दोन उन्हाळ्यांपूर्वी इथं शिकायला आला होता, शिकण्यात हुशार, आणि एका सकाळी रस्ता सांगता सांगता खुर्ची रिकामी झाली. त्याच्या आधीही कोणी होता. गिरजाबाई म्हणते, बाईला, म्हणजे मॅडमला, स्वतःच्या गावी परत जाता आलं नाही, म्हणून तिने ते इथं मनात धरून ठेवलं आहे. बाईला जेवढं आठवतं तेवढंच तिथं असतं. "पन गावात मानूस नसला त गाव कसं? बाईले तिथं कोनी राहाले लागते."

सुटका कशी, विचारलं. ती म्हणाली, तू जसा त्याच्या नावाने बोलला तसं कोणी तुझ्या जागी बोललं पाहिजे. आता तुझं नाव शामसुंदर.

मी म्हटलं, माझं नाव शालिकराम आहे. ते म्हणताना मला ऐकू आलं ते वेगळंच होतं.

५ जून

बाबा आले होते.

फाटकापाशी सायकल टेकवून उभे. आईने लोणच्याची बरणी पाठवलेली. मी धावत गेलो. फाटकाच्या आतच थांबलो, बाहेर पाय टाकला तर ते दिसणार नाहीत हे माहीत होतं.

मी म्हटलं, बाबा, मी शालिक, मला घेऊन चला.

पण तोंडातून आलं, नमस्कार, मी विद्यार्थी आहे.

बाबांनी कौतुकाने पाहिलं. खाणीत आयुष्य गेलं त्यांचं, शिकणाऱ्या पोरांशी ते नेहमीच अदबीने बोलतात. "तुमी दुर्गकडचे का, बाबू? आमचा शालिक हाय इथं. थोडा तापट हाय, सांभाळून घ्या त्याले."

मी त्यांची बाही धरली. म्हणालो, आजी चहा पिते. म्हणालो, हे दार आहे.

तेवढ्यात तो आला. कोट नव्हता. माझा चौकड्याचा शर्ट. वाकून बाबांच्या पाया पडला. बाबा एकदम मागे सरले, मग त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. रडत होते. मी बावीस वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नाही.

तो म्हणाला, बाबा, मले घरी येऊ द्या, आता नीट राहीन.

दोघं सायकलवरून गेले. मी फाटकाबाहेर उडी टाकली.

पिवळ्या इमारती.

९ जून

तो रोज वर्गाला येतो, नंदिनीहून, सायकलवर. कमला त्याच्याशी बोलते ते मला ऐकू येतं. मारोतरावांकडे गेला होता तो. आवाज चढवला नाही. म्हणे, काका, माझं चुकलं, मले एक मौका द्या. बाबांनाही सोबत नेलं. मारोतरावांनी बँकवाल्याला नकार कळवला. साक्षगंध त्याच दिवशी, त्याच घरी. नवरदेव शालिकराम.

कमला म्हणाली, शीला दिवसभर गात असते.

मी जे करायला हवं होतं ते सगळं तो करून राहिला. माझ्या तोंडाने. चांगलं करून राहिला.

भर वर्गात त्याला ठोसा मारला. नाकावरच. तो उलटून मारत नाही. रुमाल काढला, माझ्याच ओठांवर धरला. रक्त माझं होतं. म्हणाला, "मी दोन वर्सं हाका मारल्या, भाऊ. कोनी बोललं नाई. तुमी बोलले. तुमचे उपकार मी इसरणार नाई."

मनापासून म्हणाला. तेच सहन होत नाही.

११ जून

आज वर्गाला गेलो नाही. मुद्दाम. खुर्ची रिकामी राहिली तर नाव रिकामं जाईल, आणि एखादा तरी—

पिवळ्या इमारतीच्या जिन्यात बसून होतो. सकाळी हाक आली. साऱ्या शहरावरून, स्टेशनावर गाडीची घोषणा होते तशी. शामसुंदर. रस्त्यावरचे कोट जागच्या जागी थांबले.

मग ती शांतता. या बाजूने ऐकली. कूलरची घरघर येते इथपर्यंत. कोणाचा तरी श्वास. अरुणकुमारचा असेल. बोल, म्हटलं. बोल बे, एक शब्द. मग मी तुझ्याशी कधी—

माझं नाव घेतलेल्याचा आवाज आला, हळू, सगळ्यांना समजावत. कोनी बोलू नका. कोनीच नाई.

उसासा. धडा सुरू.

१३ जून

रात्र होत नाही इथं. बाईला रात्र आठवत नाही वाटतं.

गिरजाबाई भेटत नाही. स्वयंपाकघराचं दार भिंतीवर आहे, काढलेलं.

भूक नाही. थंडी. काचेतला पाव तोच.

शीलाचा चेहरा आठवायला बसलो. कपाळ आठवलं. हनुवटीवरचा—

१४ जून

एका म्हातारीला सगळं सांगितलं. शीला, साक्षगंध, तो. खूप वेळ सांगत होतो. तिने ऐकलं. वाटलं, हिला समजलं.

ती म्हणाली, आजी चहा पिते.

मी काय सांगत होतो ते मला ऐकू आलं. मी पूर्ण वेळ म्हणत होतो, मी विद्यापीठात जातो, मी विद्यापीठात जातो.

फक्त लिहिताना अजून माझे शब्द आहेत. काही. 'का'ला कावून म्हणतात ते. करून राहिलो. मले. मले. मले.

१६ जून

आज.

पायांना भिलाई पाठ आहे. डोळे मिटून चाललो. फाटकातून डावीकडे, हायवेने सरळ, सुपेल्याचं रेल्वेचं फाटक, ओलांडलं की सेक्टर. डोळे उघडायचे नाहीत. कोट अंगाला घासून जातात. नमस्कार, आपण कुठे जाता. शीलाकडे. आपण कुठे जाता. शीलाकडे. तोंडाने नाही, मनात.

पायाखाली जिना. चढलो. डोळे उघडले.

दार. खरं. कडी आहे, कडीला आंब्याची पानं. आतून हळदीचा वास, उदबत्ती. आपली माणसं बोलून राहिली. कोणीतरी म्हणतं, नवरदेवाले पाटावर बसवा. बाबा हसले. आई कोणाला तरी म्हणाली, माह्या लेकाची दृष्ट काढा वं आधी.

मी पायरीवर बसून लिहितो आहे. एकच वाक्य तयार केलं. मी शालिक होय. धड्यात नाही ते. बाईला माहीत नाही. वाटभर घोकलं. दार उघडलं की म्हणायचं. ती आवाज ओळखेल. तिला—

दार वाजवले.

आतले बोलणे थांबले. पावले. बांगड्या.

"कोन हाय जी?"

ती आहे. शीला आहे.

हे दार आहे. दार बंद आहे. दाराच्या आत घर आहे. घरात शीला आहे. शीला विचारते. मी उत्तर देतो.

कडी निघाली. दार उघडते. शीलाने हिरवी साडी नेसली आहे. तिच्या मागे एक तरुण उभा आहे. तो मान हलवतो. तो ओठांवर बोट ठेवतो.

शीला माझ्याकडे बघते. ती अजून बघते. तिचे डोळे

मी उत्तर देतो. नमस्कार. मी विद्या— नाही. नाही. शीला, मी